भाजलेल्या दगडाचं वय

पेणहून रोह्याची सकाळची एस.टी. धरली तेव्हा माझ्या पिशवीत हातोडा, छिन्नी आणि चार कापडी थैल्या होत्या. सर काठीवर रेलून फाटकापर्यंत आले होते. पंच्याऐंशी वय. भूविज्ञान मी त्यांच्याकडेच शिकलो. निवृत्त होऊन ते पेणच्या घरी परतले, पण त्यांचं भांडण काही निवृत्त झालं नव्हतं.

भांडण ज्वालामुखीचं. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला, तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास थोडक्या काळात ओतला गेला, असं एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते तो नंतरही पुष्कळ काळ येत राहिला. सर दुसऱ्या पक्षाचे. त्यांचा पुरावा रोह्यापलीकडच्या एका गावातला डाइक, म्हणजे भेगेत शिरून तिथंच थिजलेल्या लाव्ह्याची उभी काळी भिंत. खडकातल्या पोटॅशियमचा थोडा अंश फार सावकाश आरगॉन वायू होतो आणि आत अडकून राहतो. वायू जितका साठलेला, तितका दगड म्हातारा. सरांच्या दगडात तो कमी सापडला, म्हणून त्याचं वय बरंच अलीकडचं निघालं. आता नव्या मंडळींनी छापलं होतं की सरांचा नमुनाच खराब असावा. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्यांना हे फार लागलं.

"वाजवून घेतलेला दगड होता तो," ते म्हणाले. "माझे गुडघे आता चालत नाहीत. तू तिथलाच दुसरा आण. मी आहे तोवर निकाल लागू दे."

कोलाडला गाडी थांबली. वडा गरम होता, मी अधाशी. दुसरा मागवेपर्यंत गाडी माझ्या पिशवीसकट निघून गेली. मागून आलेल्या सहा आसनी रिक्षात स्वतःला कोंबून रोह्याचं स्थानक गाठलं, तर कंट्रोलरच्या टेबलावर पिशवी ठेवलेली. "हातोडा घेऊन कुठं?" त्यानं विचारलं. दगडाचं वय काढायला, असं मी खरं ते सांगितलं. त्यानं पिशवी मुकाट्यानं माझ्याकडे सरकवली.

कुंडलिकेचा पूल ओलांडून जीपनं पुढे गेलो. भात कापून झालं होतं, खाचरांत वाल हिरवागार उभा होता. पंचवीस वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून मी सरांबरोबर याच वाटेनं आलो होतो. तेव्हा गावात विहीर नुकतीच खणली होती. डाइक फोडूनच ती खाली गेली होती आणि काठावर ताज्या काळ्या दगडांचा ढीग पडला होता. वरच्या कुजकट खडकाशी झगडण्यापेक्षा सरांनी त्या ढिगातले खणखणीत दगड निवडले. मीच ते थैलीत भरले होते.

विहिरीला आता कठडा आला आहे. शेजारच्या अंगणात एक आजी वाल निवडत होत्या.

"कुनाकडं आलाव?" त्यांनी विचारलं.

मी विहिरीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. त्या हसल्या. "व्हय, आठवतंय. तुमचं सायेब दगडाला कान लावून बघत व्हतं. आमी बायका पानी घालायला हितंच उभ्या व्हतो."

"पाणी? कशावर?"

"दगडावर. भाजून फोडला ना तो. दिसभर लाकडं पेटवायची, दगड तापला की थंड पानी मारायचं. मग फाटतो."

"सुरुंग नाही लावला?"

"नाय वो. देवीचं देऊळ बाजूला हाय. तिच्या हद्दीत सुरुंग लावायचा नाय."

मी ओट्यावर बसलो. दगड तापला की त्यातला वायू निसटू शकतो, आणि वायू गेला की दगड नसलेलं तारुण्य दाखवतो. त्या आगीनं नेमका किती वायू गेला असेल, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पण त्या दगडावर विश्वास ठेवण्याचे दिवस संपले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आजींनी माझा चेहरा पाहिला असावा. "अगो, दोन भाकऱ्या जास्ती टाक गो," त्यांनी सुनेला हाक दिली. तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) समोर आलं. जेवण उत्तम होतं. नंतर त्यांनी दाखवलेल्या ओढ्यात जाऊन, जिथं तीच काळी भिंत उघडी पडली होती आणि आग कधी लागली नव्हती, तिथला दगड मी फोडून घेतला.

परतीच्या गाडीत मनात पाप आलं. नवा दगड प्रयोगशाळेत जाईल, निकाल यायला महिने लागतील, तोवर सर असतील की नसतील. तोंड बंद ठेवलं तर ते आपलंच खरं या समाधानात जातील. पेण येईपर्यंत मी दोनदा गप्प राहायचं ठरवलं. पण सर फाटकातच उभे होते, आणि त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

सगळं ऐकून ते काठी टेकत ओसरीवर जाऊन बसले.

"आपण तेव्हा विचारलं नाही?"

"नाही, सर."

"बायका तिथंच होत्या?"

"हो. पाणी घालणाऱ्या त्याच."

त्यांनी मला कागद घ्यायला लावला. "लिही. माझा नमुना आगीत तापवलेला होता, हे मला आज कळलं. त्यावरून काढलेलं वय यापुढे कुणी धरू नये." आवाज थरथरला नाही. पंचवीस वर्षं ज्यासाठी हा माणूस भांडला, ते त्यानं तीन ओळींत मागे घेतलं. मला रडू आलं, आणि त्यांचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

"आता ही माहिती कुणी दिली ते लिही. त्या बाईंचं नाव घाल."

माझं पेन थांबलं. त्यांच्या अंगणात मी दोन तास बसलो होतो. लाकडं, पाणी, देऊळ, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. त्यांच्या हातचं जेवलो होतो.

"मी नाव विचारलं नाही, सर."

सर रागावतील असं वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली. "ओळ मोकळी ठेव. त्याखाली मी सही करतो."

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी पुन्हा रोह्याला निघालो.