यूपीएसवरचे मासे

पंखे थांबले होते, स्क्रीन काळे पडले होते आणि काचेच्या टाकीत सोनेरी मासे मजेत फिरत होते. मी त्या छोट्या कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचो. वीज जाऊन सर्व्हर बंद पडला म्हणून मला बोलावलं होतं. त्याच्यासाठी मीच बसवलेल्या बॅटरीच्या यूपीएसवर आता माशांची टाकी चालत होती आणि सर्व्हरची वायर भिंतीतल्या साध्या प्लगला लावलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी," मालक सहज म्हणाले. "कॉम्प्युटर काय, परत चालू होतो. मासे मेले तर?"

ऑफिसातल्या निर्मलाताईंनी सकाळपासून टाइप केलेल्या सगळ्या ऑर्डरी गेल्या होत्या. मालक त्यांच्याकडेच वळले. "तुम्ही नीट सेव्ह करायला नको का?"

असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. यंत्राचं त्यांना वावडं नसतं. पण जे चमकत नाही, पाहुण्यांना दाखवता येत नाही, ते त्यांच्या लेखी नसतंच. दुसऱ्याची मेहनत तर नाहीच नाही. त्यांना समजावण्यात मी आता तोंडाची वाफ दवडत नाही.

वीज आली. मी कालची बॅकअप प्रत सर्व्हरवर चढवली. निर्मलाताई पहिल्या ऑर्डरपासून पुन्हा टाइप करू लागल्या. संध्याकाळी मालक घरी निघाले, दारात थांबले.

"ताई, जाताना सगळे दिवे घालवा. टाकीतला तेवढा राहू द्या. माशांना अंधारात करमत नाही."