हळदीची कॅसेट

जिंतूरच्या बसस्टँडसमोर माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. कुणी रेडिओवरून घेतलेली गाणी आणायचं, कुणी लग्नात टेप लावून भरलेली. एक गाणं कुजबुजणार, तर दुसरं कानठळ्या बसवणार. ती सगळी एका पातळीत आणून नव्या कॅसेटवर उतरवायची, हा माझा धंदा. नामांतरावरून बाजार बंद असला की शटर ओढून आत हेच करत बसायचो. गिऱ्हाईकाची कटकट नसायची, खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं.

एकदा चारठाण्याकडची एक बाई लेकीच्या हळदीची कॅसेट घेऊन आली. हळदीच्या गाण्यात एकजण ओळ म्हणते आणि बाकीच्या तीच मागून उचलतात. ओळ म्हणणारी ही स्वतःच, आणि टेपही कौतुकानं हिच्याच मांडीपाशी ठेवलेला. मग काय विचारता! हिची ओळ आली की स्पीकर थरथरायचा आणि बाकीच्या पार शेजारच्या गल्लीत. कॅसेट लेकीबरोबर सोनपेठला सासरी जाणार होती. नवरीच्या आईचा गळा वेशीपर्यंत जातो, असं विहीणबाईंनी मांडवातच सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. आता कॅसेट वाजली की लेकीला रोजचे टोमणे, याची बाईला धास्ती.

"माझा आवाज खाली घ्या भाऊ," ती म्हणाली. "पोरीला कुणी हसाया नगं."

त्यात काय एवढं, म्हणून मी बसलो आणि चांगलाच घामाघूम झालो. तिच्या ओळीला बटण खाली, बाकीच्यांच्या ओळीला वर. कॅसेट संपेस्तोवर मान वर करायची सोय नाही. पण जमलं. बाई खूश झाली. जुन्या कॅसेटवर तिनं नवऱ्यासाठी भजनं भरून घेतली, आणि दिवाळी झाल्यावर दोघं ऊसतोडीला निघून गेली.

संक्रांतीच्या सुमारास लेक दुकानात आली. माहेरच्या घराला कुलूप, म्हणून चुलत्याकडं उतरली होती. कॅसेट पुढं ठेवून म्हणाली, आईचा आवाज आधी होता तसा करून द्या. आधीची कॅसेट तिच्या आईनंच भजनांसाठी पुसायला लावली होती, ते मी सांगितलं. मला विहीणबाईंचा असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, आहे त्यातूनच आवाज वर ओढून बघतो, पण फितीची खरखरही सोबत वर येईल.

ती स्टुलावर बसली. गाणी तिला तोंडपाठ. आईची ओळ यायच्या आधी बोट वर करायची, मी बटण फिरवायचो. थोड्या वेळानं कढईत फोडणी पडावी तशी खरखर सुरू झाली. आता याच्यापुढं नेलं तर नुसती खरखरच ऐकू येईल, मी म्हणालो.

"येऊ द्या की," ती म्हणाली. "तिकडं मला कुणी मोठ्यानं हाकसुदिक मारत न्हाई."