मालवणचा चाकू

चाकूअण्णांनी कधी कुणाच्या हातात चाकू दिला नाही. सफरचंद कापायला मागितला तरी उघडलेला चाकू टेबलावर ठेवायचे, बोटाने पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "घे आता. हातात देवचो नाय, भांडाण होता." भांडणाला हा माणूस इतका घाबरायचा की शेवटी त्याच घाबरण्याचा मला संताप आला. तो अजून गेलेला नाही. हे लिहायला बसले तरी डोक्यात तिडीक जाते आहे. जाऊ दे.

आम्ही तेव्हा कुवेतला, अहमदीत, कंपनीच्या जुन्या घरांच्या ओळीत राहायचो. आमचे हे रिफायनरीत इंजिनियर. अण्णा एका काँट्रॅक्टरच्या हत्यारांच्या स्टोअरवर होते. बायको-मुलं मालवणात, आणि अण्णा इथे कामगारांच्या कॅम्पात चौघांच्या खोलीत. शुक्रवारी सुट्टी. सकाळी शुक्रवारच्या जुन्या बाजारात फिरायचं आणि दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. मी नाशिकची, त्यामुळे माझ्या माशांच्या आमटीवर त्यांनी काय काय तोंडसुख घेतलं म्हणून सांगू! "आमटी छान आहे गो बाय, फक्त माशाला अजून कळलेलं नाही की आपण आमटीत आहोत." आणि एवढं बोलून वर दोनदा वाढून घ्यायचे.

बाजारातून आणलेला चाकू जेवणानंतर खिशातून निघायचा. कुठलाही चाकू त्यांना चालत नसे. घडीचाच हवा, आणि पात्यावर जुन्या लोखंडी सामानाच्या दुकानाचं नाव हवं. पूर्वी म्हणे मोठे दुकानदार विलायतेतून असे चाकू आपल्या दुकानाचं नाव घालून मागवायचे आणि सणासुदीला नेहमीच्या गिऱ्हाइकांना भेट द्यायचे. बसऱ्याच्या दुकानाचे, बहारीनचे, कराचीचे, मुंबईचे, असे कितीतरी त्यांच्याकडे होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुंगीच्या तुकड्यांत गुंडाळलेले. इराकच्या युद्धानंतरच्या त्या वर्षांत बाजारात काय नव्हतं? पळून गेलेल्या लोकांच्या घरांमधले चमचे, घड्याळं, लग्नातले फोटोसुद्धा फ्रेमसकट मांडलेले असायचे. ते बघून माझा जीव तुटायचा. मी एकदाच गेले आणि पुन्हा नाही गेले. अण्णा मात्र त्या ढिगात उकिडवे बसून चाकू शोधायचे.

चाकू उघडायचीही त्यांची एक रीत होती. आधी दुकानाचं नाव मोठ्याने वाचायचं, मगच फळाला पातं लावायचं. अरबी नाव असलं तर कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, जाऊन दुकानदाराकडून वाचून घ्यायचे आणि पाठ करायचे. "दुकान बंद पडलं म्हणून काय झालं? हाक तर मारायला हवी," म्हणायचे. मी हसायचे. आमच्या ह्यांना तर ते वेडच वाटायचं.

आणि पुसायचं नाही! या एका गोष्टीवर अण्णा चढ्या आवाजात बोलायचे. पातं कितीही काळपट दिसलं तरी मऊ फडक्याने टिपायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, बस्स. माझ्या लेकीने एकदा भांडी घासायचा काथ्या उचलला तर त्यांनी तिच्या हातातून ओढूनच घेतला. "नाव वरच्यावर असतं गो. केसाएवढंसुद्धा खोल नसतं. घासलंस की गेलं." तिला खुर्चीवर बसवून त्यांनी दाखवलं. चाकू बनवणाऱ्या विलायती कारखान्याचं नाव-गाव बुडाशी ठोकलेलं असतं, खोल. दुकानाचं नाव मात्र तेजाबाने पात्यावर नुसतं उमटवलेलं असतं.

मग एका शुक्रवारी ते आले ते जेवायलाच बसेनात. खिशातून चाकू काढला, उघडून टेबलावर ठेवला आणि नाव स्वतः न वाचता माझ्यापुढे सरकवला. मी वाकून वाचलं. बुडाशी इंग्रजीत शेफिल्ड. आणि पात्यावर चक्क देवनागरी! काढणाऱ्या साहेबाला शिरोरेघ म्हणजे काय ते ठाऊक नसावं, अक्षरं सुटी सुटी उभी होती. 'वासुदेव बाबाजी आणि पुत्र, मालवण.'

"पुत्र म्हणजे मी," अण्णा म्हणाले.

त्यांच्या वडिलांचं दुकान. बंदरावर खिळे, साखळ्या, नांगर, दोरखंड विकायचं. वडील गेले, अण्णांनी काही वर्षं ओढलं, नाही जमलं, आणि कुलूप लावून ते आखातात आले. घरात त्या चाकूंपैकी एकही उरलेला नव्हता. आणि हा कुठून आला असेल? खजूर घेऊन मालवणला गेलेल्या गलबतावरच्या कुणा कुवेती खलाशाला वडिलांनीच दिला असेल, असं अण्णांनी ठरवून टाकलं. त्या दिवशी त्यांनी नाव इतक्यांदा वाचलं की आमटी गार झाली. कधी नव्हे ती मी त्याबद्दल बोलले नाही.

आता जे सांगते आहे ते शांतपणे सांगता येत नाही.

आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे उत्साहाचं भांडं. मोठ्या हुद्द्यावरचे साहेब. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की खंडेनवमीला शस्त्रपूजा थाटात करायची, आणि परदेशात शस्त्रं कुठली, तर अण्णांचे चाकू! एका शुक्रवारी स्वतः आमच्याकडे येऊन अण्णांचा डबा घेऊन गेले. अण्णांनी तीनतीनदा सांगितलं, मी तिथेच उभी होते, "साहेब, फक्त मांडा. पुसू नका." हो हो, म्हणाले.

पूजेच्या दिवशी हॉलमध्ये गेलो तर लाल मखमलीवर सगळे चाकू नवीन स्टीलच्या वाट्यांसारखे लखलखत होते. सेक्रेटरींनी वर्कशॉपमध्ये नेऊन, पॉलिशच्या चाकावर धरून, एकेक पातं आरसा करून आणलं होतं. "देवापुढे गंजकी शस्त्रं कशी मांडायची, अण्णा? सरप्राईज!" आणि टाळ्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या हो!

अण्णा पुढे झाले. एकेक चाकू उचलून प्रकाशात तिरका धरत गेले. बसरा नाही. कराची नाही. मग तो उचलला. शेफिल्ड राहिलं होतं. मालवण गेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हळदीकुंकवाचं तबक खाली आपटलं आणि सेक्रेटरींना तोंडावर विचारलं, "तीनदा सांगितलं होतं ना तुम्हाला? कान कुठे ठेवले होते? त्यांच्या बापाचं नाव पुसलंत तुम्ही! आता पूजा कसली करता? माफी मागा आधी!" सेक्रेटरींचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "गप रव गो." मग सेक्रेटरींना म्हणाले, "छान चमकतायत, साहेब." आणि हसले. हसले!

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी मला समजावलं. अण्णांचा अकामा, म्हणजे राहायचा परवाना, त्या काँट्रॅक्टरच्या हातात, आणि काँट्रॅक्टरचं काम सेक्रेटरींच्या सहीवर. त्यांनी तोंड उघडलं असतं तर पुढच्या विमानाने मालवण. "तुझं काय जातंय भांडायला?" हे म्हणाले. कळलं मला, कळत नाही असं थोडंच आहे! पण कळल्याने राग कमी झाला नाही, दुप्पट झाला. म्हणजे बापाचं नाव पुसणाऱ्याला वर शाबासकीही द्यायची, कारण त्याच्या सहीवर आपलं पोट? आणि भांडणाऱ्या बाईला सर्वांदेखत गप्प करायचं? मी अण्णांना निरोप धाडला की शुक्रवारी माझ्याकडे पान मांडलेलं नसेल. ते आले नाहीत. रस्त्यात दिसले तर मी पलीकडून जायचे. बराच काळ हे चाललं, पुढे आम्ही लांब शहराकडे, रुमैथियाला राहायला गेलो आणि रस्त्यातलं दिसणंही संपलं.

ते कायमचे परत निघाले त्या आठवड्यात दाराची घंटा वाजली. अण्णा. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात डबा नाही, काही नाही. मी दारातून बाजूला झाले पण बसा म्हटलं नाही. त्यांनी खिशातून तो चाकू काढला, मिटलेला. मी सवयीने टेबलाकडे बोट दाखवलं.

"टेबलावर नाही. हात पुढे कर," ते म्हणाले.

"भांडण होतं ना अण्णा?" मी म्हटलं, आणि कडूच म्हटलं.

"होवचा होता. माझ्याच्यान नाय झाला. तू माझ्या वाटचं भांडलीस आणि मी तुलाच गप्प केलं." त्यांनी माझा हात धरला, चाकू तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं स्वतःच मिटली. "आता माझ्याशी काय भांडायचं ते भांडून घे. परवा विमान आहे."

आणि मी भांडले. त्यांच्यासमोर उभी राहून, रडत, तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकत राहिले. मग मी आमटी गरम केली.

मालवणला गेल्यावर फार वर्षं नाही जगले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि पहिल्यांदा जो आला तो रागच आला.

चाकू माझ्याकडेच आहे. पात्यात तोंड दिसतं इतका गुळगुळीत. परवा सुट्टीवर आलेल्या लेकीने संत्रं सोलायला तो काढला, बुडाशी पाहिलं आणि म्हणाली, "ओह, शेफिल्ड. मेड इन इंग्लंड आहे, आई?"

मी तिच्या हातातून तो ओढून घेतला.

"आधी हाक मार," मी म्हटलं. "वासुदेव बाबाजी आणि पुत्र, मालवण. म्हण. मोठ्याने म्हण, मग संत्रं सोल."