मातीवर राहिलेली जपमाळ

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की भोसरीतली ती भाड्याची खोली डोळ्यांपुढे येते. माझ्या शिफ्टमधला मित्र मशीनवरच्या अपघातात गेला होता. जन्माचा कॅथलिक, पण वर्षभर आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या प्रोटेस्टंट प्रार्थनासभेला यायचा. त्याच्या खोलीशेजारच्या वर्कशॉपची धडधड त्या सकाळीही चालूच होती. गावाहून आलेल्या त्याच्या आईनं शवपेटीपाशी मेणबत्ती लावली आणि त्याच्या बोटांत आपली जपमाळ गुंफली. आमच्यात हे चालत नाही. मी पुढं होऊन मेणबत्ती विझवली, जपमाळ सोडवून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "मावशी, तो आता आमच्यातला होता." ती भांडली नाही. "बरं बाबा, तुमच्या रीतीनं करा. पण प्रार्थना मोठ्यानं म्हण, मला तुमची येत नाही." मी प्रभूची प्रार्थना सुरू केली, तर ती त्यांचीही तीच निघाली; तीही माझ्याबरोबर ओळीमागून ओळ म्हणू लागली. "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" या ओळीशी मी थांबलो. ती ओळ तिनं एकटीनंच म्हटली. मग झाकण लागलं. आता मी कॅथलिकांच्या चर्चमधल्या मिस्सालाही जातो, त्यांच्यासारखे गुडघे टेकतो. पण लेकासोबत मातीत जायची ती जपमाळ माझ्यामुळं वरच राहिली.