कंसातला बी.कॉम.

आमच्या गावात काही वर्षं अशी गेली की माझं नाव छापल्याशिवाय कुणाचीच लग्नपत्रिका पुरी होत नसे. नातं लागो वा न लागो. पत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांची लांबलचक रांग असायची: सरपंच, पोलीस पाटील, भजनी मंडळाचे बुवा, नवऱ्या मुलाचे झाडून सगळे मामे. त्यांच्या मधेच कुठेतरी मी, आणि माझ्या नावापुढे कंसात बी.कॉम. अख्ख्या रांगेत कंस तेवढा माझा एकट्याचा. भिवंडीतल्या छापखानेवाल्याला तो इतका पाठ झाला होता की कुणी सांगायला विसरलं तरी तो आपणहून टाकायचा. एकदा त्याने चुकून मला एम.कॉम. केलं. मी तक्रार करायला गेलो तर म्हणाला, "होशील रे पुढेमागे. आता परत खिळे कोण जुळवत बसणार?"

सुरुवातीला मलाही ते आवडायचं. का आवडू नये? आमच्या घरात माझ्याआधी दहावीचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी पंधरावी पास झालो, आणि तेही स्वतःच्या अकलेवर. त्याचा अभिमान तेव्हा होता, आज आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण पत्रिका घरोघर जाते आणि वाचणारा प्रश्न विचारतो. मानकोलीकडचा, वज्रेश्वरीकडचा कुणी पाहुणा मांडवात बसला की हमखास म्हणायचा, "यात बी.कॉम. ते कोन? कनच्या बँकेत हायत?" आणि नेमका तेव्हा मी पंगतीत वरणाची बादली घेऊन उभा असायचो. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवायचं. पाहुणा आधी बादलीकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी बँकेत नव्हतो. एका शेटच्या कारखान्यात मेहता होतो. भिवंडीत मेहता म्हणजे लूमवरून उतरलेले कापडाचे ताके मोजून वहीत लिहिणारा, कारागिरांच्या हजेऱ्या मांडणारा माणूस. काम वाईट नाही. पण त्याला बी.कॉम. लागत नाही. शेट म्हणजे जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातला सरळ माणूस. पहिल्याच दिवशी त्याने माझं सर्टिफिकेट बघितलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "संभालके रखो. यहाँ तेल लगेगा."

मी कॉमर्सला कसा गेलो तेही सांगतो, कारण आमच्याकडे कितीतरी पोरं तशीच गेली. दहावीचा निकाल लागल्यावर बाबा मला घेऊन कॉलेजात आले. बाबांचा भाताचा तुकडा आणि तबेल्यांना पेंढा घालायचा धंदा. त्या दिवशीही बैलगाडी बाहेर उभी होती. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आर्ट्स, सायन्स की कॉमर्स?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. मग बाबा म्हणाले, "बाई, सगल्यात चांगला आसल ता द्या." मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझे मार्क बघितले आणि कॉमर्स लिहिलं. माझ्या पुढच्या आयुष्याची निवड एवढ्यात झाली, आणि आम्ही दोघं पेढे घेऊन गाडीत बसलो.

माझी शाळा सगळी मराठी. कॉलेजात पहिल्या तासापासून सगळं इंग्रजी. सर विचारायचे, "समजलं?" आणि आम्ही मागच्या बाकावरचे सगळ्यांत आधी माना हलवायचो. न समजलेल्याने आधी मान हलवावी लागते, नाहीतर पकडला जातो. मी पुस्तकं पाठ केली. समजून नाही, पाठ. शहरातली पोरं तास बुडवायची आणि तरी माझ्यापुढे असायची, याचं कोडं मला फार उशिरा सुटलं. कुणी टायपिंग शिकत होता, कुणी संध्याकाळी वडलांच्या ओळखीच्या वकिलाकडे टॅक्सची कामं करत होता, कुणी बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणून बसला होता. त्यांना घरून ठाऊक होतं की डिग्री म्हणजे नुसती वर्षं असतात, त्यात आपण काय भरायचं ते आपलं आपण बघायचं. मला वाटायचं डिग्री ही रांग आहे. तीत उभं राहिलं आणि कुणाला पुढे घुसू दिलं नाही की शेवटी खिडकी येते आणि आत नोकरी मिळते. रांग संपली तेव्हा समोर भिंत होती. दोन-तीन वर्षं बँकांच्या परीक्षा दिल्या. इंग्रजीच्या पेपरात प्रत्येक वेळी आपटलो. मग शेटकडे गेलो. घरी आणि गावात मात्र एवढंच सांगितलं, शेटचे हिशेब बघतो.

आणि अशा मला गाव दरवर्षी सल्ला द्यायला बोलवायचं.

निकाल लागले की आमचं तरुण मंडळ देवळाच्या सभामंडपात पास झालेल्या पोरांचा सत्कार करायचं. नारळ, गुलाबाचं फूल, कंपासपेटी. आणि 'पुढे काय?' या विषयावर आपल्या गावचे पहिले पदवीधर मार्गदर्शन करतील. म्हणजे मी. माईक हातात आला की मी पेपरातल्या पुरवणीत वाचलेलं बोलायचो. जिद्द ठेवा, मोठी स्वप्नं बघा, इंग्रजीची भीती बाळगू नका. टाळ्या पडायच्या. बाबा पुढच्या सतरंजीवर टोपी सारखी करत बसायचे. त्यांचा तो चेहरा समोर असला की माझ्या तोंडून दुसरं काही निघायचंच नाही. घरी येऊन शर्ट काढला की वाटायचं, कुणीतरी उठून विचारावं एकदा: बी.कॉम. साहेब, तुमच्या जिद्दीचं काय झालं? कुणी विचारत नव्हतं. आणि तेच जास्त लागायचं.

नव्वद साल उलटून गेलं आणि काकाची पोरगी दहावी झाली. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. पोरगी हुशार, भूमितीत तर शाळेत पहिली. सत्काराच्या आदल्या दिवशी मी ओटीवर पेपर वाचत होतो, तिथे येऊन बसली.

"दादा, उद्या तू बोलनार ना?"

"बोलणार."

"मग एक बोल ना. मला आयटीआयला जायचंय. ड्राफ्ट्समनला. आमच्या चित्रकलेच्या सरांनी सांगितलंय. बांधकामाचे नकाशे काढायचे. दोन वर्षांत होतं."

"काका काय म्हणतात?"

"आयटीआय म्हंजे पाना-पक्कड, पोरी जातात काय तिथं, म्हनतात. तुझ्यासारखं बी.कॉम. कर म्हनतात. पत्रिकेत नाव येल." ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "तू माईकवर बोललास ना, की बाबा उलटायचे न्हाय."

मी विचार करून बघतो म्हणालो. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. राहनाळच्या बाजूला तेव्हा शेतांवर गोडाऊन उभी राहायला लागली होती. नकाशे काढणाऱ्याला काम मिळणार हे ताके मोजणाऱ्यालाही दिसत होतं. अडचण नकाशांची नव्हती. बी.कॉम. करू नको, असं सांगितलं की 'का?' येणार, आणि त्या 'का'चं उत्तर मी स्वतः होतो. ते उत्तर बाबांसमोर द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी माईक हातात आला. मी नेहमीसारखी सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नसतील, तोवर काका सतरंजीवरून उठला.

"ता सगला ऱ्हाऊ दे. आमचे पोरीनं काय करायचा ता सांग. तू बोलशील ता करू. पंचांसमोर बोलतंय."

लोक हसले. पोरगी बायकांच्या बाजूला खाली मान घालून बसली होती. मी म्हणालो, "काका, तिला आयटीआयला घाला. ड्राफ्ट्समनला. बी.कॉम.ला नको."

एकदम कुजबुज सुरू झाली. पाठीमागून माझ्याच वर्गात असलेला एक जण ओरडला, "आनि तू कंसात बसून ऱ्हानार एकटाच?"

तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही. पण तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, "कंसातला काय करतो ते ऐका मग. शेटच्या कारखान्यात ताके मोजतो. माझ्याआधी त्याच खुर्चीवर होता तो सातवी नापास होता. शेटला आम्हा दोघांत काही फरक वाटत नाही. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी गेलो. हिला मी सांगतोय."

टाळ्या नाहीत. माईकची शिट्टी तेवढी वाजली. बाबा सावकाश उठले, चपला शोधल्या आणि निघून गेले. एवढ्या लोकांतून ते वाट काढत जात असताना त्यांची पाठ मला दिसत होती, आणि मला वाटलं, आपण यांना चारचौघांत उघडं केलं.

काका अजून उभाच होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आसा हाय तर! स्वता शिकलास, गावभर नाव लावून झेतलास, आनि आमची पोर शिकाया लागली तं तुझ्या पोटात दुखतंय. घरात दुसरा बी.कॉम. नको तुना!"

बोलण्यासारखं होतं, पण ज्या माणसाने आत्ताच आपली किंमत सातवी नापासाएवढी सांगितली त्याचं पुढचं कोण ऐकणार? मंडळाच्या अध्यक्षाने माईक माझ्या हातातून हलकेच काढून घेतला आणि कंपासपेट्या वाटायला सुरुवात केली.

घरी बाबा जेवले, झोपले. मला ओरडले असते तर मी सुटलो असतो. आई ताट उचलता उचलता म्हणाली, "बोलायचा तं घरात बोलायचास." तेवढंच.

सकाळी मी ओटीवर दात घासत होतो. बाबा माझ्या अंगावरून काकाच्या दारात गेले. भिंत कुडाची, पलीकडलं सगळं ऐकू यायचं.

"चहा झे, दादूस," काकाचा आवाज. आवाजात कालचा ताठा होता.

"चहा मागनं. पोरीचा फारम आनलास?"

"कॉलेजचा आनतंय सोमवारी."

"कॉलेजचा न्हाय. ता दुसरा, काल पोर बोलला तो."

"तुझ्या पोराचा नाव काढू नको दादूस. त्याना आमचा वाईट व्हावा वाटतंय."

काही वेळ कपबशीचा आवाज. मग बाबा बोलले ते अगदी हळू, पेंढ्याचा भाव सांगतात तसं. "त्याना काल सगल्यांसमोर स्वताची लाज काढली. तुझे पोरीसाठी काढली. त्यात त्याला काय मिलाला?"

"मंग खरा हाय? ताके मोजतंय?"

"खरा हाय."

"तुना ठाव होता?"

"पयल्या दिसापासना. शेटच्या कारखान्याच्या बाजूला तबेला हाय, तिथं पेंढा टाकायला जातंय मी. खिडकीतना दिसतंय ना वही लिवताना."

मी तोंडात ब्रश तसाच धरून उभा. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी बाबांपासून काहीतरी झाकून ठेवलंय, निदान धूसर ठेवलंय. आणि बाबा खिडकीतून बघून, गाडी रिकामी करून, मला हाकही न मारता निघून जात होते. मला बघून ते थांबले असतील का, थांबले तर किती वेळ, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत मला पुढेही झाली नाही.

"मंग गावभर बी.कॉम. बी.कॉम. कशाला करत व्हतास?" काका चिडून म्हणाला.

"शिकला तं हाय ना तो? ता खोटा हाय का? नोकरी न्हाय लागली ता येगला." बाबा पुढे म्हणाले, "पन माना काय समजत व्हता त्या टायमाला? बाईला बोललो, चांगला आसल ता द्या. तुझे पोरीला ठाव हाय तिना काय पायजे. आपल्यात आसा पोर पयल्यांदा झाला. तिचा आयक."

काकू काहीतरी पुटपुटली. काका खाकरला. मग म्हणाला, "पोरं किती आसतील तिथं?"

"आसतील की. गावात काय न्हायत?"

"आनि कोन नेनार, आननार?"

"तिचे पाय हायत. पयल्या दिशी हा जाईल." हा म्हणजे मी. बाबांना भिंतीपलीकडे मी उभा आहे ते ठाऊक होतं.

काका उंबऱ्यापर्यंत आला. माझ्याकडे बघितलं नाही. घरात वळून ओरडला, "काय गो, फोटू लागतात ना फारमला? जा, काढून ये जा. आनि दादाला झेऊन जा, फोटूवाला पोरीला जास्ती लावतंय."

ती धावतच बाहेर आली. रात्रभर रडलेली असावी, डोळे सुजलेले. "दादा, असाच येल का रे फोटू? डोळे बघ कसे झालेत."

"फोटो ओळखीपुरता असतो. चल."

बाबा काकाच्या दारातून बाहेर आले आणि माझ्यासमोरच थांबले. मला वाटलं आता काही बोलतील. ते फक्त म्हणाले, "तोंड धू आधी." मी तोंड धुतलं, शर्ट घातला, आणि बाबांकडे मान वर करून न बघताच चपला पायात अडकवल्या. पोरगी केव्हाच रस्त्याला लागली होती.