बेसमेंटमधला मे महिना

थोडी फुशारकी मारणार आहे, आधीच सांगून ठेवतो. हॅमिल्टनमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये जसं हवामान होतं, तसं कॅनडातल्या कुठल्याही खेळात नव्हतं. ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल मानू नये.

हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण जग सांगतो: इथे नदी आहे, पलीकडे किल्ला आहे, समोरून घोडेस्वार येतायत. बाकीचे एकेक माणूस घेतात आणि आपला माणूस काय करतो ते बोलून सांगतात. जमलं की नाही, ते फासे ठरवतात. प्रत्येक माणसाचा एक कागद असतो, आणि तो माणूस मेला की मेला, परत येत नाही. आमचा एकच डाव तीन वर्षं चालू होता. जग सांगणारा मी. खेळणारे तिघं: माझ्या ऑफिसातला एक जण, जो पार उत्तरेकडच्या खाणीच्या गावातला होता, त्याची बायको, हॉस्पिटलात नर्स, आणि त्यांचा शेजारी, जो बोलायचा कमी आणि चिवडा खायचा जास्त. रविवारी सकाळी दहाला बूट दारात काढून तिघं खाली उतरायचे.

आता हवामानाचं. खेळाच्या पुस्तकात लिहिलं होतं की रोज फासा टाका आणि हवा ठरवा. मी टाकला. सोमवारी बर्फ, मंगळवारी कडक ऊन, बुधवारी गारा. अरे, हवामान आहे की लॉटरी? कालच्या हवेचा आजच्या हवेशी काही संबंध असतो की नाही? माझं डोकंच फिरलं. पुस्तक मिटलं आणि वर जाऊन माझी वही घेऊन आलो.

या वहीचं कारण बाबा. बाबा पाटबंधारे खात्यात होते. विदर्भातल्या एका लहानशा धरणावर तीस वर्षं रोज सकाळी आठला त्यांनी पाऊस मोजला, पारा पाहिला आणि लिहिला. रिटायर होऊन नागपुरात आले तरी ती खोड गेली नाही. मागच्या व्हरांड्यात सावलीला कमाल-किमान तापमापक टांगला आणि वही सुरू. मी कॅनडात आल्यावर दर रविवारी फोन करायचो. आमचं बापलेकाचं बोलणं पहिल्यापासूनच बेताचं. 'किती आहे तिकडे?' हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. एकदा मी म्हणालो, "असेल अंदाजे मायनस पंधरा." तर भडकलेच. "अंदाजे म्हणजे काय बे? पाहिलं की नाही पाहिलं?" त्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून तापमापक आणला, किचनच्या खिडकीबाहेर लावला आणि मुकाट्याने लिहायला लागलो. दोन वर्षांत एक अख्खी वही भरली.

तीच वही मी खेळात वापरली. खेळातली तारीख पाहायची, वहीत त्या तारखेला जे असेल तीच हवा. वहीत आहे ते आहे, मी बदलणार नाही, तुम्ही मागायचं नाही. लोक खूश! जानेवारीत दोन दिवस ऊब आली आणि बर्फ वितळला, तर ऑफिसवाला लगेच म्हणाला, उद्या हा चिखल गोठून चाकं अडकतील, गाडी आत्ताच नदीपार काढा. आणि दुसऱ्या दिवशी वहीत खरंच मायनस अठरा! त्याचा माणूस म्हणजे वाटाड्या होता, आणि थंडीतलं त्याला सगळं कळायचं. ओले मोजे कधी बदलायचे, तंबूचं तोंड कुठे करायचं. तीन वर्षांत त्याने बाकीच्यांना कुठून कुठून बाहेर काढलं होतं. कागद हाताळून हाताळून मऊ झाला होता.

मग त्यांनी ठरवलं, डोंगर ओलांडून दक्षिणेला जायचं. दक्षिणेला गरम देश असणार. माझ्या वहीत गरम देश कुठला? मी बाबांना फोनवर म्हणालो, मार्च ते मेच्या नोंदींचं झेरॉक्स पाठवा.

"काहून पाहिजे?"

"एका खेळासाठी."

"पस्तीस वर्षांचा घोडा झाला, अन् खेळ?" पण नोंद मागितली की द्यायची, ही त्यांची नोकरीतली सवय. तीन आठवड्यांत रजिस्टर पोस्टाने जाडजूड पाकीट आलं. तारीख, कमाल, किमान, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. फक्त झेरॉक्सवाल्याने उजवीकडचा शेऱ्याचा रकाना अर्धा कापला होता. वारा, ढग, वादळ हे सगळं त्या रकान्यात.

बाहेर जानेवारी. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून माझी कंबर धरलेली. आणि खाली टेबलावर नागपूरचा मे महिना. मी सांगितलं, पुढे तीन दिवसांचा उघडा माळ आहे, झाड नाही. विहिरीवरची म्हातारी तुम्हाला सांगते, दिवसा चालू नका, पहाटे आणि संध्याकाळनंतर चाला, डोक्याला ओलं फडकं बांधा. तिघंही हसले. बर्फातून निघालेली माणसं ती! त्यांच्यासाठी गरम म्हणजे सुट्टी, समुद्रकिनारा. शेजारी म्हणाला, माझा माणूस शर्ट काढून चालतो. पाण्याच्या पखाली जड होतात म्हणून त्यांनी दोन विहिरीवरच ठेवल्या. थंडीत मोज्यांचा जोड न् जोड मोजणारी हीच ती मंडळी. म्हातारीने सांगितलं होतं, याहून जास्त सांगणं माझं काम नव्हतं.

पहिल्या दिवशी सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी त्याच्याही वर. भर दुपारी नर्सबाईंची खेळातली बाई कोसळली, तर वाटाड्याने आपलं उरलेलं पाणी तिला पाजलं. मग तोच पडला. नर्सबाईंनी मला त्याची लक्षणं विचारली, मी सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. "घाम थांबलाय म्हणजे वाईट आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

ऑफिसवाला माझ्यावर उखडला. "हे तू रचतोयस. इतकं गरम कुठे नसतं." मी झेरॉक्स पुढे केलं. देवनागरी आकडे त्याला काय कळणार, पण मोठ्या माणसाचं अक्षर आहे एवढं त्याला दिसलं. तो जरा निवळला. मग हिशेब असा निघाला: तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ आलं, वारा थंडावला, तर वाटाड्याला फासा टाकायची एक संधी. नाही आलं, तर नाही. आमच्याकडे मेमध्ये येतं कधी कधी आभाळ. पण ते शेऱ्याच्या रकान्यात, आणि रकाना कापलेला.

"तुझ्या वडिलांना फोन कर," तो म्हणाला. तीन वर्षं, म्हणजे गंमत नाही.

नागपुरात रात्रीचं जेवण होऊन बाबा बातम्या ऐकत असतील. भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड खरवडून नंबर फिरवला, स्पीकरवर टाकला. बाबांना सगळं समजावलं. तारीख सांगितली. ते वही आणायला गेले. तेवढ्यात ऑफिसवाल्याने कागद छातीशी धरलेला मी पाहिला, आणि मला राहवलं नाही. बाबा परत आले तसं मी मराठीत म्हणालो, "बाबा, आभाळ होतं म्हणा. त्याचा माणूस मरून राहिलाय."

टेबलाभोवती कोणाला मराठी येत नव्हतं. पण जिन्यात चहाचा ट्रे घेऊन बायको उभी होती, ती पुण्याची, तिला सगळं कळलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

पानं उलटल्याचा आवाज आला. "नव्हतं ना पण," बाबा म्हणाले.

"असू द्या हो. इथे कोणाला कळणार आहे?"

"अबे, त्या दिवशी मी तीनदा बाहेर जाऊन पाहिलं होतं. आंब्याची कैरी गळून राहिली होती गरम वाऱ्याने. नव्हतं आभाळ. लिहिलं आहे." मग म्हणाले, "त्याले दे फोन."

फोन स्पीकरवरच होता. मी ऑफिसवाल्याला खूण केली. बाबांनी घसा साफ केला आणि खात्यातल्या साहेबांशी बोलायचे त्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "नो क्लाऊड. विंड वेस्ट, व्हेरी हॉट. इव्हनिंग ऑल्सो हॉट. आय ॲम सॉरी फॉर युवर मॅन."

शेजाऱ्याने चिवड्याची वाटी बाजूला सरकवली. ऑफिसवाला म्हणाला, "थँक यू, सर." फासा त्याच्या हातात होता, तो त्याने टेबलावर ठेवून दिला, टाकला नाही. मग मला म्हणाला, "त्यांना विचार, म्हातारीचं ऐकलं असतं तर वाचला असता का?" मी विचारलं. बाबा म्हणाले, शंभर टक्के.

मला स्वतःची लाज वाटत होती, हे कबूल करतो. पण त्या लाजेच्या वर, तिला पार झाकून टाकत, ऊर भरून आला होता. माझ्या बापाला मी जन्मात पहिल्यांदा नोकरीवर पाहत होतो. धरणावर ते काय करायचे, ते मला लहानपणी कधी कळलंच नव्हतं. वाटायचं, नुसती वही घेऊन बसतात. तीस वर्षं त्या वहीच्या भरवशावर खाली गावं झोपत होती. एवढा अभिमान मला माझ्या कॅनडातल्या नोकरीचा नाही वाटला, घेतलेल्या पहिल्या गाडीचा नाही वाटला. त्या तिघांना मी दोनदा सांगितलं, हे माझे वडील. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नर्सबाई हसून म्हणाल्या, कळलं आम्हाला.

डाव तिथेच थांबवला. बायकोने चहा सगळ्यांना दिला, मला नाही दिला.

पुढच्या रविवारी सकाळी फोन लावला. हॅमिल्टनमध्ये मायनस वीस होतं, सांगायला तयारच होतो. बाबांनी विचारलंच नाही.

"त्या माणसाचं काय केलं?" ते म्हणाले. "पुरला का जाळला?"

"अजून काहीच नाही बाबा. आज ठरवतील."

"मग त्या लोकांले सांग, पहाटेच उरका. पुढच्या दिवशीचं पाहून ठेवलं मी. नऊच्या नंतर उभं राहवत नाही."