जळकोटचे उलटे चारमिनार

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी नांदेडहून जळकोटला गेलो, आणि तेही जुने रुपये बघायला. बायको म्हणाली, "लोक पाण्यामागं धावून राहिले, अन् तुम्ही निजामाच्या रुपयामागं." तिचं बरोबरच होतं. पण रिटायर झाल्यापासून हाली सिक्क्याचं खूळ डोक्यात बसलंय, त्याला इलाज नाही.

हाली म्हणजे हैदराबाद संस्थानचा स्वतःचा रुपया. इंग्रजी रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत, आणि तो हालीपेक्षा थोडा वरचढ. हालीवर चारमिनार असतो आणि त्याच्या मधल्या कमानीत निजामाच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर. शेवटच्या निजामाचं ऐन, त्याच्या वडिलांचं मीम. एक मीमवाला रुपया माझ्याकडे होता, टाकसाळीतून कालच पडल्यासारखा. मिरवायला म्हणून तो खिशात घेतला.

ऑफिसातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या, मिलिंदच्या आईकडे अकरा हाली रुपयांची माळ होती, प्रत्येक रुपयाला ओवायची कडी झाळलेली. फोनवर त्याने ते सांगितलं तेव्हा मी मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हणालो होतो, "कड्या नसत्या तर फोटो फार छान आला असता."

सकाळची उदगीर गाडी धरा, ऊन कमी लागतं. तिकीट शंभराच्या आत होतं. विष्णुपुरीजवळ पाणी काठापासून लांब गेलेलं दिसलं. कंधारला भजी झकास मिळाली. चहा सहज मिळाला, पाणी मात्र विकत. पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच न्या. पुढे गाडीत दोन म्हातारे नव्या जिल्ह्यावर बोलत होते.

"उदगीर जिल्हा झाला की आपलं पाणी येतंय बघ."

"लातूर जिल्हा झालाच की. आलं का पाणी? रेल्वेनं आलं."

जळकोटला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. मिलिंदच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पाण्याचे भरलेले ड्रम. त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, 'जयभीम' करून तांब्या पुढे केला. टँकर दोन दिवस आला नव्हता, हे मला पाणी पिऊन झाल्यावर कळलं.

मग त्यांनी एक फडकं उलगडलं. त्यात सुटे रुपये होते, घासून लख्ख केलेले. एकालाही कडी नव्हती.

"माळ कुठंय?" मी विचारलं.

"हीच की. तुमाला कड्या नको हायत म्हनून सोनाराकडून कानशीनं काढून आणल्या. फोटो चांगला यावा म्हनलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "एक रुपया तेवढा कानशीत बाद झाला. दहाच हायत."

मिलिंदने मान खाली घातली. "पोरीचं लग्न हाय पंधरा दिवसांनी, सर. तिच्या गळ्यात घालायची व्हती. पण माय ऐकलीच न्हाई."

मला बसल्या जागी लाज वाटली. आयुष्यभर जपलेली माळ एका बाईने माझ्या एका वाक्यासाठी मोडली होती. मी फोटो काढलाच नाही. म्हणालो, "आई, चला सोनाराकडे."

सोनार म्हातारा होता. दहा कड्या पुढ्यात ठेवून त्याने विचारलं, "कडी चारमिनारच्या डोक्यावर देऊ ना?"

"न्हाई. पायाकडं," सुभद्राबाई म्हणाल्या. "पहिल्या पायाकडंच व्हत्या."

"मग तो उलटा लटकतोय की."

"तुमाला उलटा. माझी माय रोजानं खुरपायला जायची. येकयेक रुपया मागं टाकून तिनं ही माळ केली. गळ्यात घालून खाली बगितलं की तिला सरळ दिसायचा. लोकायला दाखवायला थोडीच केली व्हती?"

इतकी वर्षं मी हाली नाण्यांवर वाचतोय, पण चारमिनार कुणाच्या बाजूने सरळ असावा हे मला कधी सुचलं नव्हतं.

खिशातला मीमवाला रुपया काढायला मला वेळ लागला. शेवटी तो सोनारासमोर ठेवला. त्याने भिंग लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेब, ह्याला कडीचा डाग दिला तर परत असा व्हायचा न्हाई."

"माहीत आहे. द्या. पायाकडे."

सुभद्राबाईंनी नको नको म्हणत माझा हात धरला. "आई, माझ्यामुळे एक कमी झाला," मी म्हणालो. मग त्यांनी हात सोडला. झाळताना चांदी काळी पडली, ते मी पूर्ण बघितलं. घरी त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि मी पाचच्या गाडीने परतलो.

पंधरा दिवसांनी मिलिंदने फोटो पाठवला. पांढऱ्या साडीतली नवरी मान खाली घालून हसत होती आणि गळ्यात अकराही चारमिनार उलटे होते. मी फोन उलटा धरून बघत बसलो.

बायकोने विचारलं, "त्यातला तुमचा कोणता?"

खूप शोधलं. ओळखू आला नाही. नाण्यांच्या अल्बममधला त्याचा कप्पा मी अजून रिकामाच ठेवलाय.